सुट्टीच्या सीझनमध्ये बुकिंग न करता मोटरहोम घेऊन निघायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी नाहीतर नाताळ ते एक जानेवारीचा आठवडा जवळ आला की ओळखीपाळखीतले फोन सुरू होतात, "अरे हॉटेल सगळी फुल आहेत, मोटरहोम घेऊन गेलो तर चालेल का?" मोटरहोम म्हणजे आत बेड, ओटा, संडास असलेली गाडी, कॅरव्हॅन पण म्हणतात. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, त्यामुळे रस्ते, वेळा सगळं इथून निघणाऱ्याच्या हिशोबाने आहे, नवी मुंबईवाल्यांनी त्यातून एक तास वजा करावा.

खरंच बुकिंग न करता जाता येतं का, तेही पंचवीस डिसेंबरला?

येतं. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, गाडीमुळे खोलीचा प्रश्न सुटतो, जागेचा सुटत नाही. रूम नको असली तरी रात्रभर उभं राहायला सपाट जमीन लागते, पाणी लागतं, आणि संडासची टाकी रिकामी करायला कुठेतरी सोय लागते, आणि सीझनमध्ये नेमकी ह्याच तीन गोष्टींची मारामार असते कारण प्रत्येक होमस्टेवाल्याचं अंगण पाहुण्यांच्या गाड्यांनी भरलेलं असतं. तरी जमतं, फक्त दुपारी चारच्या आत थांबायचं आणि समुद्र खिडकीतून दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडायचा. खाली जे काही लिहिलंय ते ह्या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

मग गाडीसुद्धा ऐनवेळी मिळेल?

नाही. महाराष्ट्रात भाड्याने मिळणाऱ्या गाड्या मोजक्याच, राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून नावं वाढली पण सीझनमध्ये सगळ्या बाहेरच असतात. गाडी दीड-दोन महिने आधी धरा. बुकिंग नाही म्हणजे मुक्कामाचं नाही, एवढंच.

आपलं कारचं लायसन्स चालतं का?

बहुतेक गाड्या फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर असल्या चेसिसवर बनवलेल्या असतात आणि एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलं की हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच कायम केलं. लायसन्सपेक्षा नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात, ड्रायव्हरसकट दिलेल्या गाडीची पिवळी प्लेट काळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची गाडी कोणी "मित्राची आहे, देतो तुम्हाला स्वस्तात" म्हणून भाड्याने देत असेल तर हात जोडा आणि निघा, अ‍ॅक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारणार. आणि आरसी बुक उघडून बघा की त्यावर मोटर कॅरव्हॅन किंवा कॅम्पर असं काही लिहिलंय का, का नुसती प्रवासी व्हॅन घेऊन आत बेड ठोकलेत, कारण असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही आणि नाक्यावर अडवलं की सुट्टीची वाट लागते.

आदल्या रात्री सोसायटीत आणून सामान भरता येईल?

आधी टेप घेऊन गेटची आणि पार्किंगची उंची मोजा. गाडी उंचीला अडीच मीटरच्या वर, त्यावर एसीचा डबा, सोलर पॅनल. ठाण्यातल्या नव्या टॉवरच्या पोडियममध्ये ती शिरतच नाही, मॉलच्या पार्किंगचं तर विसराच. लांबी सहा-सात मीटर म्हणजे व्हिजिटर पार्किंगच्या दोन जागा आडव्या जातात आणि मग सेक्रेटरीचा फोन येतो. आम्ही कमिटीला आधी सांगून गेटजवळ दोन तास उभी करतो, सामान खाली लॉबीत आणून ठेवलेलं असतं, भरलं की निघालो. रात्रभर सर्व्हिस रोडला लावून ठेवायची आयडिया करू नका, सकाळी जॅमर दिसेल.

कधी निघायचं? पहाटे चारला निघालं तर ट्रॅफिक नाही ना लागत?

पहाटे चारला निघायची आयडिया अख्ख्या मुंबईला एकदमच सुचते. लाँग वीकेंडच्या शनिवारी पहाटे चारला निघालेला माणूस साडेसहाला वडखळला आणि नऊला इंदापूर-माणगावच्या जाममध्ये असतो, आणि त्यात तुमच्याकडे सात मीटरची गाडी, जी मधल्या गल्लीत घुसवता येत नाही.

मोटरहोमचा खरा फायदा हाच की एका दमात पोचायची गरज नाही आणि लोक नेमका हाच फायदा वापरत नाहीत. आम्ही शुक्रवारी दुपारी जेवून निघतो, ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रोड, कळंबोली, एक्स्प्रेसवेने खोपोलीला उतरायचं आणि पालीला मुक्काम. बल्लाळेश्वरामुळे तिथे भक्तनिवास आहे, पार्किंग आहे, जेवायची सोय आहे, माणसांना बाहेरच्या गाडीची सवय आहे. सकाळी दर्शन घेऊन पाली ते वाकण फाटा, तिथे मुंबई-गोवा हायवेला लागायचं, म्हणजे पेण-वडखळचा तुकडा वाचला. माणगाव मात्र चुकत नाही, ते सकाळी सातच्या आत पार करा नाहीतर मग दुपारी.

परतीचं पण तसंच. रविवारी संध्याकाळी किंवा एक जानेवारीला दुपारी परत यायचं नाही. सोमवारी अर्धा दिवस रजा टाका. अर्धा दिवस रजेचे पैसे गेले तरी चालतील पण कोलाड ते पळस्पे फर्स्ट गिअरमध्ये येणं नको, मागे पोरं उलट्या करत असताना तर नकोच.

कुठे जायचं, आणि कुठे अजिबात नाही?

अजिबात नाही ची यादी छोटी आहे. लोणावळा, महाबळेश्वर गाव, अलिबाग-काशीद पट्टा. माथेरान तर गाडीसाठी नाहीच, दस्तुरी नाक्याच्या पुढे वाहनं जातच नाहीत आणि दस्तुरीच्या पार्किंगमध्ये रात्र काढायला एवढं भाडं कोण भरेल. देवबाग-तारकर्ली सुंदर आहे पण देवबागचा रस्ता म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये चिऱ्याचे गडगे, समोरून टेम्पो आला की कोणी मागे घ्यायची ह्यावर गावसभा भरते.

जायचं कुठे, तर गर्दीच्या एक पायरी आत. म्हणजे कोकणात जायचंय तर जा, समुद्र बघा, पोहा, पण रात्री किनाऱ्यापासून बरंच आत मुक्काम करा. देवरूख, मार्लेश्वरची बाजू, चिपळूणजवळ डेरवण, संगमेश्वर तालुका. संगमेश्वरजवळ तुरळ-राजवाडीला आणि थोडं अलीकडे आरवलीला हायवेला लागूनच गरम पाण्याची कुंडं आहेत, सकाळी तिथे आंघोळ उरकली की गाडीतलं पाणी तसंच राहतं. ही सोय लोकांच्या लक्षातच येत नाही.

महाबळेश्वर हवंच असेल तर वाईला राहा, धोम, मेणवलीचा घाट बघा, वर फक्त दिवसा आणि तेही एसटीने जा. जुन्नर बाजू मला वैयक्तिक खूप आवडते, कल्याण-मुरबाडवरून माळशेज चढलं की झालं, लेण्याद्री आणि ओझर दोन्हीकडे भक्तनिवास आहेत आणि हिवाळ्यात हवा मस्त असते. पण जुन्नरला एक लक्षात ठेवा, उसाच्या शेताला लागून गाडी लावू नका आणि अंधार पडल्यावर पोराला किंवा कुत्र्याला एकटं बाहेर सोडू नका. तिकडे बिबटे उसातच राहतात, ही घाबरवायची गोष्ट नाही, तिथला कोणीही शेतकरी तुम्हाला हेच सांगेल.

आणि समृद्धी. आपण ठाणेकर अजून तिकडे बघतच नाही. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आमणे म्हणजे भिवंडीच्या बाजूला, आपल्या दारातच. अख्खा रस्ता ७०१ किलोमीटर नागपूरपर्यंत. नाताळात सगळं जग कोकण-गोव्याकडे धावत असताना तुम्ही वेरूळ करा, लोणार करा, मेहकरला उतरलं की लोणार जवळच. वेरूळची लेणी मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी, तेवढं वाराचं गणित करून जा. शिर्डी मात्र ३१ डिसेंबरला वगळा.

रात्री गाडी लावायची कुठे? हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

हो, आणि त्याचं उत्तर नकाशात नाही, माणसांकडे आहे. पहिला पर्याय नेहमी फुल झालेलं होमस्टे. वाचायला उलटं वाटेल पण ज्याच्याकडे रूम शिल्लक आहे त्याला तुम्हाला रूम द्यायची असते, ज्याचं सगळं भरलंय त्याला तुमच्या गाडीतून वरचे चार पैसे मिळतात आणि चादरी पण धुवायच्या नाहीत.

विचारायची एक पद्धत आहे. गाडी रस्त्यावर लांब उभी करायची, बायकोने किंवा आईने पुढे जाऊन विचारायचं, जेवणापासून सुरुवात करायची. गुहागरच्या बाजूला एका काकूंकडे असंच झालं होतं. त्या दारातूनच म्हणाल्या, "रूम नाही हो, सगळं फुल आहे." आमची ही म्हणाली, "रूम नकोच काकू, रात्रीचं जेवण मिळेल का आणि गाडी लावायला जागा." काकूंनी मान वाकडी करून गाडी बघितली, "ह्यात झोपता? पोरांना घेऊन?" मग स्वतः चढून आत आल्या, बेड दाबून बघितला, सिंकचा नळ सोडून बघितला, आणि विचारलं, "आणि मोरी कुठंय?" ती दाखवल्यावर बाहेर जाऊन नवऱ्याला हाक मारली आणि मग काका पुढे आणि आम्ही मागे. काकांनी सांगितलेलं मी अजून पाळतो, "माडाखाली नका लावू, नारळ पडला तर काच जाईल." आंब्याखाली लावली, वीज बोर्डावरून घेतली, सकाळी घावन-चटणी.

पैशाचं आधीच बोलून घ्या. आम्ही जागा, पाणी, एक पॉवर प्लग आणि बाथरूमचे मिळून पाचशेपासून बोलायला सुरुवात करतो आणि दोन वेळचं जेवण त्यांच्याकडेच घेतो. घासाघीस करू नका, तुम्ही त्यांच्या अंगणात झोपताय.

त्यानंतर देवस्थानांची भक्तनिवासं. ऑफिसमध्ये जाऊन रीतसर विचारा, पावती फाडा, आणि मंदिराच्या आवारात अंडं पण शिजवू नका. मग एमटीडीसीची रिसॉर्ट, रूम नसली तरी मॅनेजरला भेटून पार्किंगबद्दल विचारायला काय जातं, कधी हो म्हणतात कधी नाही. शाळेचं मैदान सुट्टीत रिकामं दिसतं, पण सरपंच किंवा पोलीस पाटलाला विचारल्याशिवाय नाही.

जागा मिळाली की गाडी सपाट आहे का बघा, ओट्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवा, घरंगळली तर त्या बाजूच्या चाकाखाली फळी घाला. डोकं उताराकडे ठेवून झोपलात तर सकाळी डोकं धरून बसाल. दोन जाड फळ्या ठाण्याहूनच न्या, तिकडे शोधत बसू नका.

आणि हे सगळं चारच्या आतच का?

कारण चारला लोक चहा घेऊन ओटीवर बसलेले असतात, बोलायच्या मूडमध्ये. सातला काकू चाळीस माणसांचं जेवण करत असतात आणि तुम्ही अंधारात हेडलाइट मारत अंगणात शिरता, कोण हो म्हणेल? शिवाय कोकणातल्या वाडीतले रस्ते अंधारात ह्या गाडीने नकोच. वरून विजेच्या वायरी लोंबतात, फांद्या येतात, त्या कारमधून कधी दिसलेल्याच नसतात.

पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर झोपलं तर?

एखादी रात्र चालते. मोठा, चोवीस तास चालू असलेला पंप, डिझेल भरा, मॅनेजरला सांगा, ट्रकपासून लांब कोपऱ्यात लावा. ट्रकवाले पहाटे तीनला इंजिन गरम करायला लागतात हे गृहीत धरा. एक्स्प्रेसवे किंवा समृद्धीच्या कडेच्या पट्टीवर मात्र पाच मिनिटंसुद्धा नाही, झोपणं तर लांबच, मागून येणाऱ्या झोपाळू ड्रायव्हरला ती पट्टी आणि लेन सारखीच दिसते. काही गडबड वाटली तर ११२.

बीचवर नेली तर? फोटो भारी येतात.

फोटो भारी येतात आणि मग जेसीबीचा पण येतो. दर सुट्टीत कोणाची ना कोणाची गाडी वाळूत रुतते, भरती येते आणि बघ्यांचे व्हिडिओ फिरतात. साडेतीन-चार टनाची गाडी ओल्या वाळूत एकदा बसली की दोरी बांधून निघत नाही. पोलीस केस होते ती वेगळीच. त्यात वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री दिवे लावून बसणं म्हणजे त्यांना परत पाठवणं. डांबरी रस्ता संपला की गाडी थांबली, पुढे चप्पल.

रात्रभर एसी लावून झोपता येईल ना?

बाहेरून वीज मिळाली तर येईल. बॅटरीवर नाही. हिशोब साधा आहे, १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे २,४०० वॅट-अवर. छोटा फ्रीज दिवसाला पाचशेच्या आसपास खातो, दोन पंखे दहा तास लावले तर अजून पाचशे, दिवे आणि चार मोबाईल मिळून दोन-अडीचशे. म्हणजे निम्मी बॅटरी एसीला हातही न लावता गेली. उरलेल्यात एक टनाचा एसी तास-दीड तास. डिसेंबरात घाटावर एसी लागतच नाही, कोकणात खिडक्यांना जाळी आणि पंखा पुरतो, मच्छर मात्र आहेत.

आता महत्त्वाचं. एसी चालावा म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून खिडक्या बंद करून कोणीही झोपायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकराला रस्त्याच्या कडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मेलेले सापडले, जनरेटरचा धूर, म्हणजे त्यातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. ह्या वायूला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. गाडी देणाऱ्याला विचारा की कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का. नसेल तर ऑनलाइन मागवा, बॅटरी घाला, बेडच्या जवळ लावा. बाकी ह्या पानावरचं काही विसरलात तरी चालेल.

स्वयंपाक गॅसवर का इंडक्शनवर?

चहा, मॅगी, दूध तापवणं एवढ्याला इंडक्शन. अठराशे वॅटचं इंडक्शन वीस मिनिटं म्हणजे सहाशे वॅट-अवर, म्हणजे वर सांगितलेल्या बॅटरीचा पाव भाग एका भाजीत. गॅस असेल तर छोटा पाच किलोचा, स्वतःच्या कप्प्यात बांधलेला आणि त्या कप्प्याला खाली हवा जायला भोक हवं कारण एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. झोपताना आणि गाडी चालताना रेग्युलेटर बंद. घरचा लाल सिलेंडर उचलून मागे ठेवायचा प्रकार करू नका.

पण मुळात एवढा स्वयंपाक करायचाच कशाला? थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चिवडा, दिवाळी असेल तर फराळ आहेच. एक वेळ असं, एक वेळ काकूंकडे. सुट्टीत कांदे चिरायला घरातल्या बाईला लावायचं असेल तर मग घरीच बसा की.

पाणी किती दिवस पुरतं?

शंभर लिटरची टाकी चौघांना जेमतेम एक दिवस, जर सगळ्यांनी बादलीभर पाण्याने आंघोळ केली तर. आंघोळ बाहेर केली तर दोन-तीन दिवस. पिण्यासाठी वीस लिटरचा जार वेगळा, टाकीतलं पाणी पिऊ नका. सीझनमध्ये दिसेल तिथे टाकी भरून घ्या, "उद्या भरू" म्हणू नका, कोकणात डिसेंबरात विहिरींना पाणी असतं पण पाहुणे पण तेवढेच असतात. पाइप स्वतःचा न्या, दहा-पंधरा मीटर, आणि नळाला बसवायचे दोन-तीन साइजचे कनेक्टर.

टॉयलेटचं काय करायचं? विचारायला ऑकवर्ड वाटतं पण.

विचारायलाच पाहिजे. बहुतेक गाड्यांत खाली ओढून काढायचा डबा असतो, अठरा-वीस लिटरचा, चार माणसांत दीड-दोन दिवसांत भरतो. नियम असा ठेवा, दिवसा हॉटेल, पंप, होमस्टे जिथे मिळेल तिथलं वापरायचं आणि गाडीतलं फक्त रात्री. मग तीन दिवस जातात.

रिकामा करायचा तो कुठल्यातरी खऱ्या संडासातच, मालकाला विचारून, आणि नंतर दोन बादल्या पाणी टाकून स्वतः साफ करून. नाल्यात, खाडीत, झाडीत नाही. कोकणात वाळूची जमीन आणि घरामागे विहीर, तुम्ही ओतलेलं उद्या त्यांच्या कळशीत. डब्यात टाकायचं निळं केमिकल कमी वापरा, जास्त झालं तर त्यांच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि मग तुंबतो तो त्यांचा. आंघोळीचं पाणी तसं कोकणात माडाच्या नाहीतर केळीच्या मुळाशीच सोडतात, त्यामुळे ते विचारून सोडलं तर कोणी नाही म्हणत नाही, भांड्याचं तेलकट पाणी मात्र तिथे नको.

फेरीबोटीत गाडी जाते का?

आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, ह्या बोटींत मोठ्या गाड्या जातात, पण आधी उतरून बोटीवरच्या माणसाला गाडी दाखवा. अडचण रॅम्पची असते. ओहोटीला रॅम्प जास्त उतरता होतो आणि आपल्या गाडीचं मागचं बूड लांब, ते घासतं, खाली टाकीचा व्हॉल्व्ह असेल तर तो जातो. भरतीच्या वेळी जा. सुट्टीत लाइन लागते, तासभर धरा, पण मोटरहोमवाल्याला लाइनचं काय दुःख, मागे जाऊन चहा टाका.

घाट चढेल का?

चढतो, उतरताना बघा. आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, माळशेज, सगळीकडे एकच, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ब्रेक तापले की पेडल नुसतं खाली जातं. खेड-पोलादपूरमध्ये आता कशेडीचा बोगदा आहे, त्याने जा. मागे दहा गाड्या हॉर्न मारत असतील तर जागा बघून बाजूला घ्या, सुट्टी आहे, कोणाशी शर्यत नाही.

टोल कारचाच लागतो?

गाडी मिनीबसच्या वर्गात असेल तर जास्त लागतो. फास्टॅगचा वार्षिक पास खाजगी कार-जीप-व्हॅनसाठीच आहे, भाड्याच्या गाडीला नाही. निघताना फास्टॅगमध्ये बॅलन्स आहे आणि तो मालकाच्या नावावर चालू आहे हे बघा, कारण १५ नोव्हेंबर २०२५ पासून नॅशनल हायवेवर टॅग चालला नाही तर टोल वाढीव भरावा लागतो, यूपीआयने सव्वापट.

गोव्यापर्यंत नेली तर?

परमिटचं गाडीमालकाला लेखी विचारा. गोव्यात बीचवर गाडी नेणं आणि पर्यटनाच्या जागी उघड्यावर स्वयंपाक करणं दोन्हीवर बंदी आहे, दंड हजारांत आहे. आणि येताना बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचा नाका आहे. मोठी गाडी, भरपूर कप्पे, वर्षअखेर, तुम्हीच सांगा ते कोणाला थांबवतील. परमिट नसलेली बाटली आणू नका, पूर्ण गाडी रिकामी करायला लावतात, गाद्यांसकट.

आई-बाबांना घेऊन जाता येईल का?

पायरी उंच असते, एक छोटं लाकडी पाट-स्टूल ठेवा. वरचा बेड पोरांना, खालचा त्यांना. रात्री उठावं लागणाऱ्यांना दाराजवळची बाजू. आणि शक्य असेल तर त्यांना एक रात्र रूम, मिळाली तर, मागा, गाडीत झोपण्याचं थ्रिल आपल्याला असतं, गुडघ्यांना नसतं.

पहिल्यांदाच आहे, डायरेक्ट आठ दिवस घेऊ का?

आधी एक रात्र वज्रेश्वरी-गणेशपुरीला काढा, सीझनच्या आधीच्या एखाद्या वीकेंडला. घोडबंदरवरून जवळ, गरम पाण्याची कुंडं आहेत, काही विसरलं तर घरी येऊन घेऊन जाता येतं. त्या एका रात्रीत कळतं की कोण घोरतं, पाण्याचा पंप किती आवाज करतो, आणि तुमच्या घरच्यांना हे खरंच आवडतंय का तुम्हालाच आवडतंय.

पण खर्चात वाचतं ना? हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल?

नाही. भाडं, डिपॉझिट, डिझेल, टोल, अंगणाचे पैसे धरले तर सीझनच्या वाढलेल्या हॉटेलच्या जवळपास जातं, कधी वर पण. चार-पाच माणसं असतील तर बरोबरी होते. स्वस्तात करायचं असेल तर एसटीने जा आणि आत्याकडे राहा.

सगळं करूनही जागा नाहीच मिळाली तर?

पाचला घड्याळ बघा. पाचपर्यंत दोन-तीन ठिकाणी नाही आलं असेल तर किनाऱ्यावर शोधत बसू नका, हायवेकडे वळा. सावर्डे, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, ह्या पट्ट्यात मोठी हॉटेल आणि पंप आहेत, जेवण करा, मॅनेजरला विचारून मागच्या बाजूला लावा, झोपा. सकाळी साडेसहाला उठून परत समुद्राकडे, तेव्हा किनारा रिकामा असतो कारण हॉटेलवाले पाहुणे नऊच्या नाश्त्याशिवाय बाहेर पडत नाहीत.

गाडी परत देताना काय बघायचं?

घेताना काढलेला व्हिडिओ. चारही बाजू, छप्पर, टायर, आतले नळ, सगळ्याचा व्हिडिओ घेताना मालकासमोरच काढा, नाहीतर आंब्याच्या फांदीचा जुना ओरखडा तुमच्या डिपॉझिटमधून जातो. टाक्या रिकाम्या करून द्या, सांडपाण्याची टाकी भरलेली दिली तर साफसफाईचे पैसे वेगळे लावतात. आणि गाद्या उचलून बघा, पोरांचे मोजे आणि कोणाचा तरी चार्जर तिथेच असतो.